साथीनंतरचे दंतचिकित्सालय आणि त्यातील कर्मचारी

दंतचिकित्सालय म्हटले म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दंतवैद्य आणि त्याची ती मागे कलणारी खुर्ची एवढेच चित्र उभे राहते. वस्तुतः अगदी लहान चिकित्सालयातही दंतवैद्याच्या जोडीला आणखी दोन-तीन माणसे राबत असतात. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूस बसून रोग्याच्या तोंडातील लाळ व पाणी नळीने ओढून घेणारी साहाय्यिका, वापरलेली हत्यारे धुऊन ती ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणारा मदतनीस, दाराशी रोग्याचे नाव लिहून घेणारी स्वागतिका आणि दिवसाअखेर फरशी पुसणारा सफाई कर्मचारी, ही ती माणसे होत. पाश्चात्त्य देशांत यांखेरीज दातांवरील कीटण काढणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञही असतात. त्यांना हायजिनिस्ट म्हणतात.

२०२० साली कोविड-१९च्या साथीमुळे जगभरची दंतचिकित्सालये बंद पडली आणि काही आठवड्यांनी ती टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडली. या पुनरारंभाची चर्चा बहुधा दंतवैद्यांच्या आणि रोग्यांच्या बाजूने झाली. परंतु दंतवैद्याखेरीज जी माणसे कामावर परतली, त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. चिकित्सालय केव्हा उघडावयाचे, कोणती सामग्री आणावयाची, दिवसाला किती रोगी घ्यावयाचे, यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते. धोका मात्र त्यांच्याही वाट्याला येणार होता. अशा स्थितीत त्यांचे परतणे कितपत सुरक्षित ठरले आणि ते कशामुळे ठरले, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

धोक्याचे स्वरूप

दंतवैद्यकातील धोका समजण्यासाठी त्यातील एका यंत्राची ओळख करून घेणे आवश्यक आहे. १९५७च्या सुमारास हवेच्या दाबावर फिरणारे एरोटर हे कोरणयंत्र प्रचारात आले. त्याचे टोक मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेते. एवढ्या वेगाने दात कोरताना उष्णता निर्माण होते आणि दाताच्या गाभ्यातील जिवंत भागास इजा पोहोचू शकते. म्हणून टोकावर पाण्याचा फवारा सतत सोडावा लागतो. हे पाणी रोग्याच्या लाळेत आणि प्रसंगी रक्तात मिसळून बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर उडते. कीटण काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिकंपनांच्या यंत्राचाही परिणाम असाच होतो.

या तुषारांचे दोन प्रकार मानले जातात. पन्नास मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून, मोठे थेंब जड असल्यामुळे लवकरच खाली पडतात. ते कपड्यांवर, चष्म्यावर, खुर्चीच्या हातांवर आणि जवळच्या मेजावर आढळतात. त्याहून लहान कण मात्र काही काळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत घेतले जाऊ शकतात. कोविड-१९चा विषाणू रोग्याच्या लाळेत सापडतो आणि लक्षणे दिसण्यापूर्वीही माणूस रोग पसरवू शकतो, हे २०२० सालच्या पहिल्या काही महिन्यांतच स्पष्ट झाले. त्यातच दंतोपचाराच्या वेळी रोग्याला तोंड झाकून घेता येत नाही आणि साहाय्यिकेचा चेहरा त्या उघड्या तोंडापासून हातभर अंतरावरच असतो. मार्च २०२०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने अमेरिकेतील निरनिराळ्या व्यवसायांच्या धोक्याची तुलना प्रसिद्ध केली होती. रोगसंसर्गाशी येणारा संबंध आणि इतरांशी असणारी शारीरिक जवळीक हे तिचे दोन निकष होते. या दोन्ही निकषांवर हायजिनिस्ट व दंतवैद्य अगदी वरच्या स्थानी होते.

कुलूप लागले तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाची जागतिक साथ जाहीर केली. अमेरिकन डेंटल असोसिएशन या तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने १६ मार्च रोजी, तातडीचे नसलेले सर्व उपचार तीन आठवडे पुढे ढकलावेत असा सल्ला सभासदांस दिला. पुढे ही मुदत एप्रिलअखेरपर्यंत वाढविण्यात आली. इंग्लंडमध्ये २५ मार्च रोजी नेहमीची दंतसेवा थांबविण्यात आली. त्याच दिवसापासून भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली.

दातदुखी अर्थातच टाळेबंदी पाळीत नाही. त्यामुळे पूर्ण बंद राहणे फार थोड्या चिकित्सालयांना शक्य होते. मार्चच्या अखेरीस अमेरिकन संघटनेने केलेल्या पाहणीत सुमारे ७६ टक्के चिकित्सालये केवळ तातडीचे रोगी पाहत होती आणि सुमारे १९ टक्के पूर्णपणे बंद होती. इंग्लंडमध्ये दूरध्वनीवरून सल्ला, वेदनाशामक औषध व गरज पडल्यास प्रतिजैविक देण्याची पद्धत ठरली, आणि तेवढ्याने न भागणाऱ्या रोग्यांसाठी स्वतंत्र तातडीची केंद्रे उघडण्यात आली.

चिकित्सालयात रोगी नाही म्हणजे उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणजे कर्मचाऱ्यांना वेतन नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार एकट्या एप्रिल २०२० या महिन्यात दंतचिकित्सालयांतील ५,०३,००० नोकऱ्या गेल्या. या क्षेत्रातील एकूण नोकऱ्यांच्या त्या निम्म्याच्या आसपास होत्या. पुढे मे महिन्यात २,४५,००० आणि जूनमध्ये १,९०,००० नोकऱ्या पुन्हा भरल्या गेल्या. दोन महिन्यांत सव्वाचार लाखांहून अधिक माणसे कामावर आली, असा याचा अर्थ होतो. त्यांच्या परतण्यामागे वेतनाची निकड होती, तशीच धास्तीही होती.

पाणी, वाफ आणि हवा

कित्येक आठवडे बंद असलेले चिकित्सालय केवळ झाडून-पुसून वापरता येत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीला पाणी पुरविणाऱ्या नळ्या अत्यंत अरुंद असतात. त्यांत पाणी साचून राहिले की नळीच्या आतल्या बाजूस जंतूंचा चिकट थर धरतो. उपचारासाठी वापरावयाच्या पाण्यात दर मिलिलिटरमागे जंतूंच्या ५००हून अधिक वसाहती आढळू नयेत, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा दंडक आहे. ही काळजी अनाठायी नाही. २०११ साली इटलीत ८२ वर्षांच्या एका स्त्रीचा लीजनेअर रोग या फुप्फुसदाहाने मृत्यू झाला. तिला झालेला संसर्ग दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यातून आल्याचे तपासात निष्पन्न झाले. म्हणूनच पुन्हा काम सुरू करताना नळ्या जंतुनाशकाने धुणे, पाणी भरपूर वाहू देणे आणि त्याची तपासणी करणे आवश्यक मानले गेले. ऑटोक्लेव्हचीही परीक्षा घ्यावी लागली. दाबाखालील वाफेने हत्यारे खरोखर निर्जंतुक होतात की नाही, हे पाहण्यासाठी त्यात जंतूंच्या चिवट बीजाणूंची चाचणीपट्टी ठेवतात. बीजाणू मेले तर यंत्र विश्वासार्ह समजावे. ही सर्व कामे बहुतेक ठिकाणी मदतनीस व साहाय्यिका यांच्याच हातून होतात.

हवेचा प्रश्न याहून कठीण होता. एका रोग्याच्या उपचारानंतर खोलीत तरंगत राहिलेले कण पुढचा रोगी येण्यापूर्वी निघून जावयास हवेत. यासाठी किती वेळ लागतो हे खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते यावर अवलंबून असते. उपरोक्त रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार हवा तासाला सहा वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात. बारा वेळा बदलत असेल तर सुमारे २३ मिनिटे पुरतात. हवा खोलीत सर्वत्र सारखी मिसळते असे गृहीत धरून हे गणित मांडलेले आहे. कोंदट कोपरे असतील तर अधिक वेळ धरावा लागतो. इंग्लंडमध्ये ८ जून २०२०पासून दंतचिकित्सालये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तुषार उडविणाऱ्या उपचारानंतर खोली तासभर रिकामी ठेवण्याचा नियम होता. पुढे वायुवीजन चांगले असलेल्या खोल्यांसाठी हा अवधी कमी करण्यात आला.

तासभर खोली रिकामी ठेवणे म्हणजे दिवसाचे रोगी निम्म्यावर येणे. मालकाच्या दृष्टीने ते नुकसान होते, तर साहाय्यिकेच्या दृष्टीने तेच संरक्षण होते. घाईच्या दिवशी तो तास चाळीस मिनिटांवर आणि चाळीस मिनिटे वीसवर आली, तर ‘अजून वेळ झालेला नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा पुनरारंभातील अवघड प्रश्न होता.

तुषार मुळातच कमी उडावेत यासाठीचे उपाय मात्र जुने होते. दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसविण्याची युक्ती न्यूयॉर्कमधील सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ साली काढली. या पडद्यामुळे कोरावयाचा दात लाळेपासून वेगळा राहतो. दुसरा उपाय म्हणजे रुंद तोंडाची जोरकस शोषणनळी. ती यंत्राच्या टोकाशी नीट धरल्यास बाहेर उडणारे तुषार फार मोठ्या प्रमाणात कमी होतात. ही नळी धरण्याचे काम साहाय्यिकेचे असते. तिचा हात थोडा मागेपुढे झाला तरी फरक पडतो. म्हणजे दंतवैद्याचे संरक्षणही बऱ्याच अंशी तिच्याच कौशल्यावर अवलंबून असते.

कामावर परतणाऱ्यांपुढील अडचणी

परतलेल्या कर्मचाऱ्यांना आपले परिचित काम नव्याने शिकावे लागले. सूक्ष्म कण गाळणारी एन-९५ मुखपट्टी चेहऱ्यावर घट्ट बसली तरच उपयोगी पडते. कडेने फट राहिली तर तिचा गुण नाहीसा होतो. अमेरिकेत अशी मुखपट्टी कामावर वापरावयाची असल्यास ती त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर नीट बसते याची चाचणी घेणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु दंतचिकित्सालयांत पूर्वी साधी मुखपट्टीच वापरात असल्यामुळे ही चाचणी अनेकांना अपरिचित होती. शिवाय त्या वसंतऋतूत एन-९५ मुखपट्ट्यांची सर्वत्र टंचाई होती. अंगरखा, टोपी, चष्मा व चेहऱ्यापुढील पारदर्शक ढाल चढविणे जेवढे महत्त्वाचे, त्याहून ती क्रमाने उतरविणे महत्त्वाचे. कारण दूषित बाजूस हात लागण्याचा प्रसंग उतरवितानाच येतो.

स्वागतिकेचे कामही बदलले. रोग्याला येण्यापूर्वीच दूरध्वनीवरून ताप, खोकला, घरातील आजार यांविषयी विचारणे, दाराशी त्याचे तापमान घेणे, संशय वाटल्यास त्याला नम्रपणे परत पाठविणे, ही कामे तिच्याकडे आली. रोग्याचा राग सोसणे हेही त्यांतच आले.

याखेरीज घरच्या अडचणी होत्या. अमेरिकेत हायजिनिस्ट आणि साहाय्यक या दोन्ही व्यवसायांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. शाळा बंद असल्यामुळे मुले घरी होती. घरात वृद्ध आईवडील असतील तर आपल्यामार्फत त्यांना रोग होण्याचे भय होते. बेकारी भत्त्यात जुलै २०२०अखेरपर्यंत आठवड्याला ६०० डॉलरांची भर घालण्यात आली होती. तथापि कामावरून बोलावणे आले असता सबळ कारणाविना नकार दिल्यास हा भत्ता बंद होण्याची शक्यता असे. बोलावणे मान्य करावे तर धोका, न मानावे तर उत्पन्न जाणार, अशा कोंडीत अनेकजणी सापडल्या. २०२० सालच्या शरदऋतूत केलेल्या एका पाहणीनुसार साथीमुळे हायजिनिस्टच्या रोजगारात सुमारे ८ टक्के घट झाली होती, आणि काम सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ते स्वेच्छेने सोडले होते. पुढील काळात हायजिनिस्ट मिळत नसल्याची तक्रार तेथील दंतवैद्य करीत राहिले, त्याचे एक मूळ येथे आहे.

पुरावा काय सांगतो

भीती साधार होती काय, याचे उत्तर तीन ठिकाणच्या अनुभवांवरून देता येते. चीनमधील वूहान विद्यापीठाच्या दंतरुग्णालयातील नऊ जणांना साथीच्या आरंभीच या रोगाची बाधा झाली. त्यानंतर तेथील १६९ कर्मचाऱ्यांनी योग्य संरक्षण घेऊन ७००हून अधिक तातडीच्या रोग्यांवर उपचार केले. मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालापर्यंत त्यांच्यात नवी लागण आढळली नव्हती.

दुसरा पुरावा इंग्लंडच्या मध्य भागातील आहे. तेथे बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दंतसेवेतील १,५०७ जणांचे रक्त जून २०२०मध्ये तपासले. पूर्वी लागण होऊन गेल्याचे दर्शविणारी प्रतिपिंडे १६.३ टक्के लोकांच्या रक्तात आढळली. त्या भागातील सर्वसाधारण जनतेतील प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होते. विशेष लक्षणीय गोष्ट अशी, की रोग्याच्या तोंडाशी संबंध न येणाऱ्या स्वागतिकांमध्ये हे प्रमाण ६.३ टक्के, म्हणजे जनतेइतकेच होते. धोका त्या इमारतीत सर्वत्र सारखा नव्हता. तो खुर्चीभोवती एकवटला होता, असे यावरून दिसते. ही तपासणी वाढीव संरक्षण रूढ होण्यापूर्वीच्या काळाचे चित्र दाखविते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरा पुरावा अमेरिकेतील आहे. तेथे जून २०२०मध्ये पाहणी केलेल्या २,१९५ दंतवैद्यांपैकी सुमारे ०.९ टक्के जणांना हा रोग झालेला वा झाला असण्याचा संभव होता, आणि जवळजवळ सर्वांनी संरक्षणाचे वाढीव उपाय अंमलात आणले होते. ऑक्टोबर २०२०पर्यंतच्या पाहणीत हायजिनिस्टमध्ये हे प्रमाण ३.१ टक्के होते. हे आकडे इंग्लंडच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत. एकीकडे रक्त तपासले होते, दुसरीकडे लोकांना प्रश्न विचारले होते; महिनेही वेगळे होते. तरीही तिन्हींचा एकत्र विचार केल्यास एक निष्कर्ष काढता येतो. काम मुळात धोक्याचे होते. पण संरक्षण नीट पाळले तेथे परतलेल्या माणसांत रोगाने थैमान घातले नाही.

आधीच्या साथीने दिलेला धडा

संरक्षण पाळले जाते तरी केव्हा? या प्रश्नाचे उत्तर आधीच्या एका साथीच्या इतिहासात सापडते. १९८०च्या दशकापर्यंत असंख्य दंतवैद्य व त्यांचे साहाय्यक उघड्या हातांनी रोग्याच्या तोंडात काम करीत. कावीळ ब हा रोग त्यांच्यात इतर लोकांपेक्षा अधिक आढळे. एड्सचा प्रादुर्भाव झाल्यावर प्रत्येक रोग्याचे रक्त दूषित असू शकते असे समजून वागावे, हे तत्त्व पुढे आले. १९९० साली फ्लॉरिडातील एका दंतचिकित्सालयात हा विषाणू संक्रमित झाल्याचा संशय जाहीर होताच लोकांत घबराट पसरली. १९९१ साली अमेरिकेत रक्तवाहित रोगांविषयीचा नियम जाहीर झाला. त्यानुसार हातमोजे व इतर संरक्षक साहित्य मालकाने विनामूल्य पुरवावे आणि धोक्याच्या कामावर नेमलेल्या माणसाला कामाच्या दहा दिवसांच्या आत काविळीची लस विनामूल्य देऊ करावी, असे बंधन आले.

आज हातमोजे न घालणारा दंतवैद्य पाहून रोगीच उठून जाईल. ही सवय केवळ उपदेशाने लागली नाही. मोजे आणणे ही साहाय्यिकेची खाजगी बाब न राहता मालकाचे कर्तव्य ठरली, यात तिच्या टिकाऊपणाचे मोठे कारण आहे. कोविडनंतरच्या पुनरारंभालाही हेच सूत्र लागू पडते. जेथे मुखपट्टी, हवेचा अवधी आणि आजारपणाची पगारी रजा ही चिकित्सालयाची जबाबदारी होती, तेथे कर्मचारी निर्धास्तपणे काम करू शकले. जेथे या गोष्टी त्यांच्या धिटाईवर सोपविल्या गेल्या, तेथे धीट माणसे बोलली आणि गरजू माणसे गप्प राहिली.

भारतातील स्थिती

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील चिकित्सालये बंद ठेवावीत, लाल क्षेत्रात केवळ तातडीचे उपचार करावेत, नारिंगी व हिरव्या क्षेत्रांत सल्ला द्यावा, पण नेहमीचे उपचार पुढे ढकलावेत, असे त्यांचे स्वरूप होते. मुंबई व पुणे ही शहरे त्या वेळी लाल क्षेत्रात होती. खिडक्या वारंवार उघडून आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लावून खोलीतील हवा खेळती ठेवावी, असेही या सूचनांत सांगितले होते. आपल्याकडील लहान चिकित्सालयांना हा उपाय खर्चिक यंत्रांपेक्षा अधिक आवाक्यातला होता.

परंतु भारतात कर्मचाऱ्यांची एक निराळी अडचण आहे. १९४८च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि कवळ्या तयार करणारे तंत्रज्ञ यांच्या नोंदणीची तरतूद केली. खुर्चीशेजारी बसणाऱ्या साहाय्यकाचा त्यात समावेश नव्हता. आपल्याकडे बहुसंख्य साहाय्यक हे दवाखान्यातच पाहून-पाहून काम शिकलेले असतात, आणि पुष्कळांच्या हाती नेमणुकीचा कागदही नसतो. सूचना निघतात त्या दंतवैद्याच्या नावे. त्या साहाय्यकापर्यंत कितपत पोहोचतील हे त्या दंतवैद्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हाही कर्मचाऱ्यांची नावे संस्थांनी व दवाखान्यांनी आगाऊ नोंदवावयाची होती. नोंदीत नाव असणे ही किरकोळ बाब नव्हे, हे तेव्हा दिसून आले.

पुढील प्रसंगासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या रोगासंबंधीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि साथी येतच राहणार आणि दंतचिकित्सालये केव्हातरी पुन्हा बंद करावी लागणार, हे गृहीत धरणे शहाणपणाचे होईल. तसा प्रसंग आल्यास दार उघडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात तयार असावीत :

१. नळ्यांतील पाणी व ऑटोक्लेव्ह यांची तपासणी कोणी केली आणि तिचा निकाल काय आला?

२. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावर नीट बसणारी मुखपट्टी मिळाली आहे काय, आणि तिचा खर्च कोण करणार?

३. दोन रोग्यांमध्ये खोली किती वेळ रिकामी ठेवावयाची, आणि हा वेळ पाळला जात नसल्यास काम थांबविण्याचा अधिकार साहाय्यकाला आहे काय?

४. कर्मचारी आजारी पडल्यास त्याला वेतनासह रजा मिळेल काय? न मिळाल्यास तो आजार लपवील, हे उघड आहे.

५. सफाई कर्मचाऱ्यासह सर्वांना त्यांच्या भाषेत आणि प्रत्यक्ष करून दाखवून शिक्षण दिले आहे काय?

६. ज्याच्या घरी वृद्ध, आजारी वा लहान मुले आहेत, त्याला काही काळ खुर्चीपासून दूरचे काम देता येईल काय?

या प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देईल. उरलेल्या पाचांची उत्तरे मालक आणि कर्मचारी यांनी समोरासमोर बसून ठरवावयाची आहेत. साथ दाराशी आल्यावर असे बोलणे घाईचे व भीतीचे होते. म्हणून ते शांततेच्या काळात करून ठेवणे इष्ट.